द्वारकाबाईच्या गरिबीची चौकशी

मुकुंदवाडीत आमच्या घराच्या मागं एक खोली आहे. दहा बाय दहाची, वर पत्रा, पुढं नळ. नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, पण त्याला नळ म्हणायचं हे सगळ्यांना मान्य आहे. त्या खोलीत द्वारकाबाई एकोणीस वर्षं भाड्यानं राहत होत्या. आधी नवऱ्यासोबत, म्हणजे पुंजारामकाकांसोबत. काका चिकलठाण्याच्या एका कंपनीत वॉचमन होते. कंपनी बंद पडली तरी ते चार महिने गेटवर जात राहिले, कारण येऊ नका असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मग तेही गेले. पेन्शनचा प्रश्नच नव्हता. ठेकेदार त्यांचं नाव दर सहा महिन्यांनी काढून नव्यानं लावायचा, त्यामुळं सत्तावीस वर्षांच्या नोकरीत ते कायम नवेच होते.

नंतर द्वारकाबाई एका मेसवर भाकरी थापायच्या. दिवसाला दीडशे. दोन वर्षांपूर्वी न्हाणीत पाय घसरला, उजवं मनगट मोडलं आणि बसताना वाकडं बसलं. वाकड्या मनगटाची भाकरी एका बाजूनं जाड होते. मेसची पोरं जाड बाजू ताटात सोडून जायला लागली, तेव्हा मालकानं मावशींना आराम करायला सांगितलं. तो आराम अजून चालू होता.

आता आमचं सांगतो. नाना, म्हणजे माझे वडील नानासाहेब, कारखान्यात फिटर होते. त्यांना पेन्शन येते महिन्याला अठराशे चाळीस रुपये. म्हातारपणाच्या सरकारी मदतीसाठी वर्षाचं उत्पन्न एकवीस हजारांच्या आत लागतं. नानांचं भरतं बावीस हजार ऐंशी. म्हणजे नाना सरकारी हिशेबानं श्रीमंत आहेत, वर्षाला एक हजार ऐंशी रुपयांनी. ही श्रीमंती ते बीपीच्या गोळ्यांवर उडवतात. मी ई-सेवा केंद्रात लोकांचे फॉर्म भरतो, सात हजारांवर. तेव्हा मागच्या खोलीचं भाडं हा आमच्या घराचा तिसरा कमावता माणूस होता, आणि तो मेसवरचं काम सुटल्यापासून घरी बसलेला होता.

नानांनी त्याबद्दल कधी तोंड उघडलं नाही. पण शेंद्र्याच्या कंपनीत लागलेली तीन पोरं खोली बघत फिरत होती आणि साडेतीन हजार द्यायला तयार होती. नाना मला म्हणाले, बाईचा निराधारचा पगार चालू झाला तर ती देईल त्यात भागवू. नाही झाला, तर दिवाळीनंतर पोरांना हो म्हणावं लागेल.

आमच्याकडं त्या मदतीला पगारच म्हणतात. महिन्याला पंधराशे. द्वारकाबाईंना खोलीत राहता येणार की नाही, ते त्या पंधराशेवर ठरणार होतं. खोली सुटली तर जायला एकच जागा होती, लासूर स्टेशनला लेकीचं घर. आणि जावयाच्या दारात जाऊन राहण्याबद्दल द्वारकाबाईंचं मत इतकं जुनं आणि इतकं पक्कं होतं की तो विषय निघाला की त्या उठून भांडी घासायला बसायच्या. घासलेली असली तरी.

फॉर्म मीच भरला. वयाची अडचण आली नाही. त्यांच्या मते निजामावरच्या पोलिस ॲक्शनच्या साली त्या पाळण्यात होत्या; आधार कार्डाच्या मते त्या त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १ जानेवारीला जन्मल्या. आमच्या गल्लीतले सगळेच म्हातारे १ जानेवारीचे आहेत. त्या तारखेला मराठवाड्यात सुइणींची फार धावपळ होत असणार. पण दोन्ही हिशेबांनी पासष्टी उलटलेली होती, काम झालं. उत्पन्नाचा दाखला झाला, रहिवासी झाला, फोटो झाला. राहिली घरचौकशी. म्हणजे कचेरीतून एक साहेब येणार, खोली बघणार आणि बाई किती गरीब आहे ते लिहून नेणार.

गुरुवारी सकाळी मी त्यांना सांगितलं, "मावशी, काही करू नका. जसं हाय तसं दिसू द्या."

त्या व्हय म्हणाल्या, आणि मी साहेबांना आणायला गेलो. एखाद्या बाईला पाहुणा येतोय असं सांगावं, किंवा काही करू नका असं सांगावं. दोन्ही एकाच दमात सांगून घराबाहेर पडू नये.

अकरा वाजता साहेबांना गाडीवर बसवून आणलं तर मला खोली ओळखू येईना. शेजारच्या चतुराबाईंनी दोन खुर्च्या आणि लेकीच्या लग्नात आहेरात आलेला कपबशांचा सेट आणून मांडला होता. सेटवरचं स्टिकर अजून निघालेलं नव्हतं. समोरचे काकासाहेब आपला टेबलफॅन घेऊन आले होते, साहेबांना घाम येईल म्हणून. भिंतीला मोराची चादर लावली होती. ती कुणाची हे मला आजही माहीत नाही. द्वारकाबाई चतुराबाईंच्या इरकली लुगड्यात उभ्या होत्या. शेगडीवर पोहे होते, वरून खोबरं.

साहेब भला माणूस होता. त्याच्याकडं तीन माणसांचं काम होतं आणि सकाळपासून त्यानं सहा घरांची गरिबी तपासली होती. कुठंच कुणी पाणी विचारलं नव्हतं. त्यानं दोन बशा पोहे खाल्ले. मग द्वारकाबाईंनी खूण केली आणि काकासाहेबांनी पुढं होऊन साहेबांना गंध लावलं, टॉवेल-टोपी दिली, हातात नारळ ठेवला. साहेबांनी टोपी घातली. त्याला नाही म्हणता आलं नाही.

टोपी घालूनच त्यानं कागद काढला आणि पंखा कुणाचा विचारलं. मी घाईनं सांगितलं की समोरच्यांचा आहे, खुर्च्याही मागून आणलेल्या आहेत, सगळंच मागून आणलंय.

काकासाहेब दुखावले. "द्वारकाबाईचाच समजा, साहेब," ते म्हणाले. "आमच्या गल्लीत तुझं-माझं नाय."

साहेबांनी तसंच धरलं. पंधरा दिवसांनी केंद्रातल्या कॉम्प्युटरवर अहवाल उघडला: अर्जदाराच्या घरी पंखा, खुर्च्या व चिनीमातीची भांडी आढळली, राहणीमान समाधानकारक, आदरातिथ्य उत्तम. अर्ज नामंजूर.

मी मावशींना वाचून दाखवलं. त्यांनी आदरातिथ्य उत्तम एवढंच दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, दारात आलेल्या माणसाला कोरडं लावून द्यायचं असतं व्हय? त्याची माय काय म्हणली असती?

मी कचेरीत जाऊन साहेबांना भेटलो. पोह्यांची आठवण त्यालाही होती. फेरचौकशीचा अर्ज दे, मी परत येतो म्हणाला. या वेळी मात्र मी सगळं आपल्या हातात घ्यायचं ठरवलं. गल्ली जमवून समजावून सांगितलं, की या बाईला पंधराशे पाहिजे असतील तर ती गरीब दिसली पाहिजे. लोकांना पटलं. आमच्या गल्लीला एखादी गोष्ट पटली की मग ती गणपतीच्या मांडवासारखी होते.

आदल्या दिवशी दुपारीच काम सुरू झालं. मागून आणलेल्या वस्तू तर नव्हत्याच, तेव्हा गल्लीनं मावशींच्या स्वतःच्या वस्तू काढायला घेतल्या. खाट काकासाहेबांकडं गेली. शेगडी आणि सिलेंडर चतुराबाईंकडं. पत्र्याची पेटी आमच्याकडं. पितळी देव बघून कुणीतरी म्हणालं की पितळ म्हणजे मालमत्ता, तेव्हा देवही हलले. पुंजारामकाकांच्या फोटोची फ्रेम जरा चांगली होती, म्हणून काकांनाही नेलं. शेवटी पाण्याचा निळा ड्रम राहिला. दोनशे लिटरचा, झाकणाचा, जवळजवळ नवा. काकासाहेबांच्या मते असा ड्रम निराधार माणसाकडं नसतो. आम्ही तो लोळवत आमच्या अंगणात आणला.

खोलीत एक चटई उरली. तीही चतुराबाईंना जरा रंगीत वाटली.

मावशींना मी बजावलं की चहा नाही, पाणी नाही, गूळ नाही, काही नाही. साहेब आला की नुसतं बसायचं. "माणूस उंबऱ्यात येणार अन् मी त्याच्याकडं बघत बसणार," त्या म्हणाल्या. "माझ्यानं व्हायचं नाय ते, हेमू. तो येऊन जाईस्तोर मी चतुराबाईकडं बसते."

मी म्हणालो, बसा. मी साहेबांना घेऊन अकरापर्यंत पोचतोच, तुम्हाला बोलावून घेतो. साहेब आपला आपणच साडेनऊला आला. त्या दिवशी त्याच्या गाडीला पेट्रोल होतं.

दुसरा अहवाल पहिल्यापेक्षा लहान होता: खोली रिकामी आहे, पाणी साठवण्याचे साधन आढळले नाही, सबब सदर पत्त्यावर कोणीही वास्तव्यास नाही.

मी भांडायला गेलो. साहेबांनी मला खुर्ची दिली. म्हणाले, "हे बघ, चटई असती, नसती, मी ऐकून घेतलं असतं. ड्रम नाही. या शहरात आठ दिवसाला पाणी येतं. ज्या घरात ड्रम नाही तिथं माणूस राहतो असं मी लिहिलं, तर माझीच चौकशी लागेल. माझ्या घरी चार आहेत."

त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच लिहिलं असतं. एका महिन्यात द्वारकाबाई सुखवस्तू होऊन, घर सोडून, कुठं गेल्या ते कळत नाही अशा झाल्या होत्या, आणि सगळा वेळ त्या चतुराबाईंच्या ओसरीत लसूण सोलत बसलेल्या होत्या.

साहेबांनीच शेवटचा रस्ता दाखवला. गल्लीतल्या पाच प्रतिष्ठित माणसांचा पंचनामा. बाई इथं राहते आणि तिला सांभाळणारं कुणी नाही, एवढं लिहून पाच सह्या. मग बाकीचं कुणी बघत नाही. मजकूर त्यानं आपल्या हातानं लिहून दिला, अक्षर मोत्यासारखं. दिवाळीच्या आधी आणून दे म्हणाला, नंतर माझी बदली आहे.

संध्याकाळी आमच्या ओट्यावर सगळे जमले. नाना, काकासाहेब, चतुराबाई आणि पलीकडच्या आळीतले दोघं, प्रतिष्ठित म्हणून बोलावलेले. आमच्या गल्लीत पाच प्रतिष्ठित भरत नव्हते. द्वारकाबाई पायरीवर कडेला बसल्या होत्या.

मी वाचायला लागलो. सदर महिला सदर पत्त्यावर गेली एकोणीस वर्षे राहत आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी वीस म्हणालं. सदर महिलेस सांभाळणारे कोणीही नाही.

तिथं गाडी थांबली.

"कोणी नाय म्हंजे?" चतुराबाई म्हणाल्या. "आम्ही काय मेलो का?"

मी म्हणालो की हे फक्त कागदावर आहे, कागदावर असंच लिहावं लागतं.

"कागद म्हंजे सरकारला सांगायचं ना?" काकासाहेब म्हणाले. "सरकारला सांगायचं की या गल्लीत एक म्हातारी उपाशी हाय अन् आम्ही पाच जण बघू राहिलो. अन् खाली सही माझी."

पलीकडच्या आळीतल्यांनी लगेच मान हलवली. त्यांना तर आपल्या आळीत तोंड दाखवायचं होतं. मी पंधराशेचं गणित परत मांडलं. सगळ्यांनी नीट ऐकलं, सगळ्यांना समजलं आणि कुणीही पेनाला हात लावला नाही. मग मी नानांकडं बघितलं. त्या कागदाची गरज द्वारकाबाईंच्या खालोखाल कुणाला असेल तर ती नानांना होती. नानांनी चष्मा लावला, पेन घेतलं. मला वाटलं झालं. त्यांनी ती ओळ फिटरच्या हातानं, पट्टी लावल्यासारखी सरळ खोडली, वर लिहिलं, शेजारी सांभाळतात, आणि सही केली.

मग धडाधड सह्या झाल्या. चतुराबाईंनी पदरानं डोळे पुसले. काकासाहेबांनी नाक शिंकरलं. असा सुंदर प्रसंग आमच्या ओट्यावर आजवर झाला नव्हता, आणि तो कागद हातात धरून मी असा बसलो होतो की जणू या सगळ्यांत मला एकट्यालाच वाचता येतं.

मी हळूच म्हणालो, "नाना, ह्या कागदावर पगार होणार नाही."

"मग खोटं लिहू का?" नाना म्हणाले. चष्मा काढून ते बराच वेळ पुसत राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "उद्या पोरं येऊ राहिली खोली बघायला."

दोन्ही वाक्यं त्यांनी एकाच आवाजात सांगितली. दोन्ही खरी होती. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्यांनाही ती एकाच तोंडात मावत नाहीत.

दुसऱ्या दिवशी केंद्रात गेल्या गेल्या तो पंचनामा परत टाइप केला. ओळ जशीच्या तशी ठेवली: सांभाळणारे कोणीही नाही. पाच सह्या मी पाच मिनिटांत करू शकलो असतो. केंद्रात बसून दुसरं शिकलो काय? फक्त खाली अर्जदाराचा अंगठा हवा होता, खरा. दुपारी शाईचं पॅड घेऊन मावशींकडं गेलो. खोलीत त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. ड्रम, शेगडी, देव आणि काका परत आले होते. खाट आली नव्हती. तिच्यावर झोपून काकासाहेबांची कंबर पहिल्यांदा सरळ झाली होती आणि त्याबद्दल कुणीच बोलत नव्हतं.

मी म्हणालो, अंगठा द्या.

"काय लिहिलंय ह्यात?" त्यांनी विचारलं.

खोटं सांगता आलं असतं. आदल्या दिवशीचंच आहे म्हटलं असतं तर त्यांनी अंगठा दिला असता. पण त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या, आणि मी लहानपणापासून त्यांच्या हातच्या भाकरीवर वाढलेलो, अलीकडं जाड बाजूसकट. मी वाचून दाखवलं.

त्यांनी कागद घेतला, नीट चार घड्या घातल्या आणि माझ्या खिशात ठेवला. "कालचाच दे साहेबाला," त्या म्हणाल्या. "चार माणसं सांगू राहिली की आम्ही सांभाळतो, अन् मी म्हणू कोणी नाय? पंधराशे रुपड्यांसाठी गल्लीचं तोंड काळं करू?"

मी म्हणालो, "मावशी, मग लासूरला जावं लागंल."

त्यावर त्या उठल्या आणि भांडी घासायला बसल्या.

कालचा कागद दिला. साहेबांनी तो वाचला, मान हलवली आणि फाइलला लावला. शेजारी सांभाळतात म्हटल्यावर निराधार म्हणता येत नाही, हे त्यानं मला समजावून सांगितलं नाही, याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

गल्लीनं खरंच सांभाळलं. पहिले बारा दिवस पाच घरांतून ताट येत होतं. एका दुपारी तीन घरांतून वांग्याचीच भाजी आली. मग चतुराबाई करमाडला भाचीच्या लग्नाला गेल्या आणि तिथंच आजारी पडल्या. पलीकडच्या आळीतल्यांना ही गल्ली लांब पडायला लागली. काकासाहेबांकडून यायचं, पण काकासाहेबांच्या सुनेच्या हातून यायचं, आणि ती ताट ठेवायची तेव्हा आवाज व्हायचा. द्वारकाबाईंनी एक दिवस पोट बरं नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशीही सांगितलं. तिसऱ्या दिवशी कुणी विचारलं नाही. कुणी मुद्दाम सोडलं असं नाही. प्रत्येकाला, आमच्या घरालाही, वाटलं की आज दुसऱ्याकडून गेलं असेल. सांभाळणारे पाच असले की असं होतं.

दिवाळीनंतर चौथ्या दिवशी मी त्यांना पॅसेंजरनं लासूर स्टेशनला नेलं. पेटी माझ्या डोक्यावर, गाठोडं त्यांच्या मांडीवर. नाना स्टेशनवर येणार होते, पण त्या सकाळी त्यांना बीपी बघायला जायचं आठवलं. गाडीत मावशी एवढंच बोलल्या की काकासाहेबाला खाट राहू दे म्हणावं, मागायची नाय.

जावई रामकिसन बाजारात हमाली करतो. घर दोन खोल्यांचं, माणसं सात. त्यानं पेटी उतरवून घेतली, मला बसायला पोतं अंथरलं, आणि मी फॉर्म भरतो हे कळल्यावर बाजूला घेऊन विचारलं की सासूबाईंचा निराधारचा पगार इथून होईल का. मी त्याच्याकडं बघितलं. इथं आता लेक आहे, जावई आहे, वर रामकिसनची हमाली मोजली की उत्पन्न एकवीस हजारांच्या कुठल्या कुठं जातं. बाई आता खरोखरच निराधार राहिलेली नव्हती. मी म्हणालो, बघू, करू काहीतरी. तो खूश झाला. फॉर्म भरणाऱ्या माणसानं बघू म्हटलं की लोकांना फार बरं वाटतं.

लेक, अंबिका, आतून आईला हाका मारत होती. आये, आत ये ना. आये, हात-पाय धू. द्वारकाबाई बाहेर पायरीवरच बसल्या होत्या. गाठोडं मांडीवर तसंच, वाकड्या हातानं धरलेलं. अंबिका बाहेर आली, त्यांच्या हातातून ते घ्यायला लागली. त्यांनी सोडलं नाही. जोर लावला असंही नाही, नुसतं सोडलं नाही. अंबिका थोडा वेळ दुसरं टोक धरून उभी राहिली आणि मग आत गेली.

मी निघतो म्हणालो.

"परतीची गाडी किती वाजता हाय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, साडेचारला.

त्यांनी रस्त्यावरच्या उन्हाकडं बघून अंदाज घेतला. "मंग टाइम हाय आजून," त्या म्हणाल्या, आणि गाठोडं जरा जवळ ओढून तशाच बसून राहिल्या.